विद्यापीठांची व्याख्यानं ऐकताना: फीड जोडावं की फाइली उतरवाव्यात?

पॉडकास्ट ॲप रोज वापरणाऱ्याला पहिला मार्ग आपसूकच सुचतो. ऑक्सफर्डच्या पॉडकास्टच्या पानावर जायचं, हव्या त्या मालिकेचा आरएसएस पत्ता, म्हणजे तिच्या भागांच्या यादीचा (फीडचा) पत्ता, कॉपी करून ॲपमध्ये टाकायचा. नवा भाग आपोआप येतो. चालू व्याख्यानमालेसाठी, पाहुण्या वक्त्यांच्या भाषणांसाठी हेच सोयीचं.

पण सलग कोर्स ऐकायचा असेल तर एक गोष्ट फार छळते, ती म्हणजे क्रम. फीडमध्ये सहसा सर्वांत नवा भाग वर असतो. ‘जुने आधी’ करून ते निभावतं, पण अख्खा कोर्स एकाच दिवशी अपलोड केलेला असेल तर सगळ्या भागांवर तीच तारीख असते आणि तिसऱ्या व्याख्यानानंतर थेट सातवं वाजू लागतं. नावानुसार क्रम लावला तर बऱ्याचदा १ नंतर १०, ११ आणि मग २. काही फीडमध्ये तर शेवटचे ठरावीकच भाग ठेवतात, म्हणजे जिथून सुरुवात करायची ते पहिलंच व्याख्यान गायब. प्राध्यापक ‘मागच्या तासाला पाहिलं तसं’ म्हणतात तेव्हा हे लक्षात येतं. शिवाय पत्ता बंद पडला की मालिकाही हातची जाते. २०२१ च्या अखेरीस ॲपलचं आयट्यून्स यू, जिथे विद्यापीठांची व्याख्यानं मिळत, बंद झालं तेव्हा तिथले दुवेही निकामी झाले.

फाइली उतरवायला एकदाच बसावं लागतं. ओपन येल कोर्सेस या येल विद्यापीठाच्या मोफत संकेतस्थळावर व्याख्यानाच्या पानावर एमपी३ मिळते, सोबत बोललेलं सगळं लिखित स्वरूपातही. जागेचा हिशेब सोपा आहे: ६४ केबीपीएसला (दर सेकंदाला ६४ किलोबिट) ५० मिनिटांची फाइल साधारण २४ एमबी, म्हणजे २४ व्याख्यानं सहाशे एमबीच्या आत. १२८ असेल तर दुप्पट.

यातही एक खोट आहे. गाण्यांचे प्लेअर व्याख्यानालाही गाणंच समजतात. चाळिसाव्या मिनिटाला थांबवलं की अनेकदा पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्यावर अँड्रॉइडवर अँटेनापॉड या मोफत पॉडकास्ट ॲपचा उपाय चांगला वाटतो. फाइलींची नावं ०१, ०२ अशी करा (पुढचं शून्य विसरू नका), एका कोर्सला एक फोल्डर ठेवा आणि पॉडकास्ट जोडण्याच्या पानावरून तो लोकल फोल्डर म्हणून जोडा. मग क्रम फाइलच्या नावानुसार लावा. थांबलेली जागा लक्षात राहते, वेगही कमीजास्त करता येतो. ॲप फाइलींची वेगळी प्रत करत नाही, त्यामुळे फोल्डर हलवला की भाग वाजत नाहीत.

इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य असेल तर माझा कल फाइलींकडे. वेळ कमी असेल तर फीडही वाईट नाही. गणिताला मात्र दोन्ही कुचकामी. ‘हे इथून तिकडे नेलं की’ एवढं ऐकू येतं आणि पुढे नुसता खडूचा आवाज. तिथे एमआयटी ओपनकोर्सवेअरचे व्हिडिओ आणि नोट्सच घ्या.