सरकारी अभियोग सेवा: एका फिर्यादीचा अभिप्राय

घरफोडीच्या खटल्यात फिर्यादी म्हणून अभियोग कार्यालयाशी, म्हणजे सरकारी वकिलांच्या कार्यालयाशी, माझा दीड वर्ष संबंध आला, त्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे. सरकारी वकील म्हणजे आपला वकील, अशी माझी समजूत होती; प्रत्यक्षात तो फिर्यादीचा नव्हे, तर समाजाचा प्रतिनिधी असतो. दोन आरोपींपैकी एकाविरुद्ध पोलिसांच्या कागदपत्रांत संशयापलीकडे काहीच नव्हते आणि ओळख परेडमध्ये मीही अडखळलो होतो, म्हणून त्याच्यावरील आरोप पुढे न नेण्याचा निर्णय वकीलबाईंनी घेतला, तेव्हा मला रागच आला. मात्र १९९० साली हवाना येथील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत स्वीकारलेली अभियोक्त्यांसाठीची (सरकारी वकिलांसाठीची) मार्गदर्शक तत्त्वे नंतर वाचली, तेव्हा निःपक्षपाती तपासात आरोप निराधार दिसल्यास खटला चालवू नये, हे अभियोक्त्याचे कर्तव्यच असल्याचे कळले. इंग्लंड आणि वेल्समध्येही १९८६ पासून तपास पोलिसांकडे आणि खटला चालवणे स्वतंत्र सेवेकडे आहे, ते याच कारणासाठी.

साक्षीपूर्वी वकीलबाईंनी मला माझा जबाब वाचायला दिला आणि "आठवत नसेल तर आठवत नाही, असेच सांगा," एवढेच बजावले; पढवणे नाही, आश्वासने नाहीत. या प्रामाणिकपणाला पूर्ण गुण.

गुण कापायचे ते कार्यालयीन कारभाराचे. तीनदा तारीख पुढे गेली आणि तिन्ही वेळा ते मला न्यायालयाच्या दारात, शिपायाकडून कळले.