बसकी उंची, वाव की पायाचं माप? वाढत्या मुलाचं नक्की काय मोजावं

नवरात्रासाठी पुतण्याचं केडियू (गरब्यात घालतात तो घेरदार गुजराती अंगरखा) नीट करायला बडोद्यात रावपुऱ्यात शिंप्याकडे गेलो. गेल्या वर्षीचंच. अंगात बसत होतं, पण बाही मनगटाच्या चार बोटं वर. "बांय टूंकी पडे छे," बाही आखूड पडतेय, शिंपी म्हणाला. पँटी तर केव्हाच उटंग्या झाल्या होत्या. घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, "भाऊजी, नुसते हातपायच वाढतायत. धड आहे तिथंच. हे ठीक आहे ना?"

तेराव्या वर्षी बहुधा ठीकच असतं. वयात येताना आधी पावलं वाढतात, मग पाय, आणि धड काही महिने मागून येतं. तरी मोजून पाहायचंच असेल तर तीन मापं आहेत.

घरच्यासाठी माझं पहिलं मत बसकी उंचीला, म्हणजे बसल्यावर बैठकीपासून डोक्यापर्यंतच्या उंचीला. सपाट, कडक स्टूल भिंतीला टेकवायचं. गादी नको, पाटही नको, कारण मांड्या आडव्या राहून पाय मोकळे लोंबायला हवेत. पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पुस्तक काटकोनात धरून खूण करायची आणि जमिनीपासूनच्या मापातून स्टुलाची उंची वजा करायची. जन्मतः धड आणि डोकं मिळून अंगाचा दोन-तृतीयांश भाग असतो. पाय वाढत जातात तसा हा वाटा घटतो, बारा-चौदाच्या सुमारास ५२ टक्क्यांच्या आसपास येतो आणि नंतर धड वाढलं की किंचित चढतो. आमच्या स्वारीची उंची १५१ सेंमी, बसकी ७८.५. म्हणजे ५२ टक्के. वहिनींचा जीव तिथेच भांड्यात पडला. पोक काढून बसला असता तर मात्र आकडा फसला असता, म्हणून तीनदा मोजलं.

दुसरं माप वाव. (बडोद्यात वाव म्हटलं की लोकांना नवलखी वाव ही पायऱ्यांची विहीर आठवते, इथे अर्थ दोन्ही हात पसरल्यावर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर.) टेप हवेत धरला की झोळ पडतो, म्हणून भिंतीवर खुणा कराव्यात, माणसं दोन लागतात. लहानपणी वाव उंचीपेक्षा कमी असते, दहाच्या आसपास बरोबरीला येते, मोठ्या पुरुषांत सरासरीनं काही सेंटिमीटर जास्त भरते. पाठीला बाक असेल किंवा पाय सरळ होत नसतील तर उंचीच फसवी ठरते, तेव्हा हेच माप कामाला येतं. वाव उंचीच्या १.०५ पटीहून जास्त, म्हणजे १५० सेंमीला १५७.५ च्या वर गेली, आणि सोबत लांबसडक बोटं, जास्त नंबरचा चष्मा किंवा छातीचा वेगळा आकार असेल, तर डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर मार्फान सिंड्रोमचा (शरीरातल्या जोड-ऊतींचा आनुवंशिक विकार) विचार करतात त्यात हा आकडा असतो, पण नुसत्या वावेवरून निदान होत नाही.

तिसरं माप जांघेतल्या हाडाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं. उंचीतून ते वजा केलं की वरचा भाग मिळतो. वर-खालचं गुणोत्तर जन्मतः साधारण १.७, तिसऱ्या वर्षी १.३, दहाच्या सुमारास १. पुस्तकात हे फार देखणं दिसतं. घरी करू नका. ते हाड बोटानं चाचपावं लागतं आणि तेरा वर्षांचा मुलगा काकाला हात लावू देणार नाही. शिवाय चूक दुप्पट महाग पडते: १५० उंचीत खालचं माप ७५ ऐवजी ७४ घेतलं की गुणोत्तर १ वरून १.०३ होतं. पँटीच्या मापावरून अंदाज बांधणं त्याहून वाईट.

एका पायाची पँटच सतत लांब वाटत असेल तर यातलं काहीच उपयोगी नाही. त्यासाठी आखूड पायाखाली ठोकळे ठेवून कंबर समपातळीत आणून पाहतात, ते डॉक्टरांकडेच.

कोणतंही माप निवडा, पण दर रविवारी भिंतीशी उभं करू नका. वयात येण्याआधी मूल वर्षाला पाच-सहा सेंमी वाढतं, म्हणजे महिन्याला अर्धा, आणि आपला हात तेवढा सहज चुकतो. सहा महिन्यांचं अंतर ठेवा, वेळही तीच. मी एकदा सकाळी मोजलं, पुढच्या खेपेला रात्री, आणि पोरगं आखडलं म्हणून घाबरलो. दिवसभरात माणूस सेंटिमीटरभर खचतोच.

केडियू आता नवंच शिवायला टाकलंय. बाहीला माया ठेवा म्हणून सांगितलं होतं, परत जाऊन पाठीलाही ठेवायला सांगून आलो.