राव्हेन्नाला जाताय तर गाईड घ्याच, मोझेक नुसते बघून कळत नाहीत

इटलीत राव्हेन्नाला जुन्या चर्चेसची अर्ध्या दिवसाची वॉकिंग टूर घेतली, आठ जणांचा ग्रुप होता. मला वाटलेलं मोझेकच्या, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या चित्रांच्या सोनेरी भिंती बघू, फोटो काढू आणि निघू. पण गाईड बाईंनी दारातच सांगितलं, चेहरे नंतर बघा, आधी हातात काय आणि पायाशी काय ते बघा.

सांत आपोलिनारे नुओवो चर्चमध्ये एका भिंतीवर 26 पुरुष संत, समोर 22 कुमारिका संत, आणि सगळे अगदी सारखे, प्रत्येकाकडे धर्मासाठी मारल्या गेलेल्यांचा मुकुट आणि तोही उघड्या हाताने नाही, कपड्याने झाकलेल्या हातांवर, पवित्र वस्तूला थेट हात लावायचा नाही म्हणून. मग बायकांच्या रांगेत एकीच्या पायाशी कोकरू दिसलं, ती अ‍ॅग्नेस, लॅटिनमध्ये आग्नुस म्हणजे कोकरू! पुरुषांत सगळ्यात पुढे जांभळ्या झग्यातला मार्टिन. तो तर धर्मासाठी मारला गेलाच नाही, मग पुढे कसा? तर हे चर्च बांधलं थिओडोरिक राजाने, तो एरियन पंथाचा, म्हणजे येशू पित्याच्या बरोबरीचा नाही असं मानणारा, पुढे 561 च्या सुमारास बिशप अग्नेलुसने ते त्या पंथाविरुद्ध उभं राहिलेल्या मार्टिनच्या नावाने केलं. तेव्हा थिओडोरिकच्या महालाच्या चित्रातली माणसं काढून तिथे पडदे भरले, पण खांबांवर त्यांचे हात तसेच राहिलेत. बघून अंगावर काटा आला, एकटी गेले असते तर दिसलेच नसते.

रोमन सम्राज्ञी गाला प्लासिडियाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाधीत आत फार वेळ थांबू देत नाहीत. तिथे जळती लोखंडी जाळी, कपाटात चार शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची पुस्तकं) आणि खांद्यावर क्रूस घेऊन निघालेला संत आहे. जाळीमुळे लॉरेन्स म्हणतात, कारण त्याला अशाच जाळीवर भाजून मारलं अशी कथा आहे, पण काही अभ्यासक व्हिन्सेंट मानतात, त्याला धर्मग्रंथ जाळायला दे म्हटलेलं आणि त्याने दिले नाहीत, म्हणून ते पुस्तकांचं कपाट. बाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या हे फार आवडलं.

तक्रार एकच, सान व्हिटाले चर्च शेवटी ठेवलं आणि घाईत उरकलं, तिथे निदान तासभर हवा होता. हेडफोनही मधेमधे खरखरत होते. तरी पुन्हा याच बाईंबरोबर जाईन. छोटी दुर्बीण नक्की न्या, बरेच मोझेक खूप उंचावर आहेत.