चक्कर घालवायची तर आधी आणावी लागते: ‘बॅलन्स रिट्रेनिंग’चे तोलाचे व्यायाम आठ महिने वापरून झाल्यावर

तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. त्यातली बरीचशी सातारा-मेढा-महाबळेश्वर गाडीवर गेली. केळघर घाटात गाडी वळणं घेत असताना एका हातात ट्रे, दुसऱ्यात पंच आणि आधाराला फक्त सीटचा कोपरा. मागच्या बाकावर कुणी ओकायला लागलं की "खिडकीकडे तोंड करा" म्हणून ओरडायचो आणि मनात म्हणायचो, एवढ्याशा घाटाला काय हे! तोच मी निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी घरातल्या घरात भिंत धरून चालायला लागलो.

गेल्या वर्षी जानेवारीत पहाटे उठलो तर खोली फिरत होती. तीन दिवस उलट्या, डोळे उघडायची सोय नाही. चौथ्या दिवशी गरगरणं थांबलं, पण तोल काही परत आला नाही. मान वळवली की पाय भलतीकडे. मग जो तो सांगायला लागला. सौ. म्हणाली पित्त, शेजारी म्हणाले बीपी, एका दवाखान्यात एक्स-रे काढून मणक्यात गॅप आहे म्हणाले आणि गळ्याला पट्टा बांधला. दोन महिने तो पट्टा लावून मी बैलासारखा अख्खा वळत होतो. शेवटी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी डोळ्यांची हालचाल बघून सांगितलं, आतल्या कानातून तोलाची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसेला सूज येऊन गेलीय, उजवी बाजू कमजोर झालीय. चक्कर दाबायची गोळी पहिल्या थोड्या दिवसांपुरती असते, तीही मी पाच महिने चघळत होतो. त्यांनी ती बंद केली आणि तोलाचे व्यायाम करा म्हणाले. कुठले, ते दाखवायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. बाहेर रांग होती, मलाही ती दिसत होती.

मुलीने नेटवर शोधलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात ल्यूसी यार्डली या मानसशास्त्राच्या प्राध्यापक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्करवाल्यांसाठी घरी करायच्या व्यायामांची पुस्तिका केली आणि पुढे त्याचंच इंटरनेटवर चालणारं सहा आठवड्यांचं रूप बनवलं. नाव ‘बॅलन्स रिट्रेनिंग’. दोन्ही फुकट. मी दोन्ही वापरलं. खातं काढायला ईमेल लागला, तो मुलीचा दिला.

पहिल्याच दिवशी भांडण. ती वाचून सांगत होती, "पप्पा, व्यायाम करताना थोडी चक्कर यायलाच पाहिजे असं लिहिलंय."

"तुझं वाचण्यात चुकतंय."

"नाही चुकत. चक्कर आलीच नाही तर वेग वाढवा, जास्त आली तर कमी करा, असं आहे."

पाच महिने ज्या गोष्टीपासून पळत होतो, तीच सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं मुद्दाम आणायची! पण कारण वाचलं तेव्हा मला केळघर आठवला. दोन्ही कानांत पाणी भरलेल्या तीन-तीन बारीक नळ्या असतात, गवंड्याच्या लेव्हलबाटलीसारख्या. डोकं हललं की दोन्हीकडून मेंदूला जुळती खबर जाते. एक बाजू गप्प झाली की मेंदूला वाटतं आपण फिरतोय. नस पूर्ववत झाली नाही तरी मेंदू नवा हिशोब शिकतो, मात्र डोकं हललं तरच. मी तर ते पट्ट्यात बांधून ठेवलं होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी घाटात दोनदा प्रवाशांच्या मांडीवर बसलो होतो. पंधरा दिवसांत पाय आपोआप शिकले. बसून राहिलो असतो तर शिकले असते का?

व्यायाम दिसायला पोरखेळ आहेत. मान उजवी-डावीकडे, मग वर-खाली, मग तेच डोळे मिटून, मग समोर धरलेल्या बोटावर नजर रोखून. आधी बसून, जमलं की उभ्याने, पुढे चालताना. संकेतस्थळ दर आठवड्याला चक्कर किती येते ते विचारतं आणि त्यावरून पुढचे व्यायाम ठरवून देतं. व्हिडिओही आहेत. पहिल्या आठवड्यात दहा वेळा मान वळवायला मला चाळीस सेकंद लागायचे आणि नंतर अर्धा तास मळमळ. तिसऱ्या आठवड्यात तर आधीपेक्षा वाईट वाटलं, पुस्तिका भिरकावून दिली. सौ.ने ती उचलून परत टेबलावर ठेवली, बोलली काहीच नाही. आता तेच दहा सेकंदांत होतं.

सगळ्यात जास्त उपयोग बोटाच्या व्यायामाचा झाला. चालताना दुकानांच्या पाट्या डोळ्यांसमोर उड्या मारायच्या, त्या साधारण दोन महिन्यांनी जागेवर बसल्या. दिवाळीत मोती चौकातल्या गर्दीतून, त्या लाइटच्या माळांखालून एकटा जाऊन आलो. जूनमध्ये पोवई नाका ओलांडायला मला मुलीचा हात लागत होता.

व्यायामांबरोबर सावकाश श्वास घेण्याचाही एक भाग आहे, तो मी आधी वगळला होता. श्वास कसा घ्यायचा हे साहेबाकडून शिकायचं? पण त्यात तथ्य निघालं. चक्करची भीती वाटली की श्वास भरभर चालतो, त्याने डोकं आणखी हलकं होतं आणि भीती आणखी वाढते. राजवाडा स्टँडवर एकदा असंच झालं. कठड्याला टेकून सावकाश श्वास सोडत राहिलो, दोन मिनिटांत निवळलं. एरवी रिक्षा करून घर गाठलं असतं आणि पुढचे आठ दिवस बाहेर पडलो नसतो.

हे खरंच सिद्ध झालंय का, असं जावयाने विचारलं. तो फार्मसीवाला आहे, त्याला कागद लागतो. 2017 साली छापून आलेल्या साउदॅम्प्टनवाल्यांच्या चाचणीत दक्षिण इंग्लंडमधल्या 54 दवाखान्यांतले पन्नाशीपुढचे 296 रुग्ण होते. संकेतस्थळ वापरणाऱ्यांची चक्कर सहा महिन्यांनंतरही नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होती. नेदरलँड्सच्या लोकांनी तीच कल्पना घेऊन 322 जणांवर चाचणी केली, ती 2019 मध्ये आली. त्यात एका गटाकडे फिजिओथेरपिस्टही घरी जात होता. तो गट आणि नुसतं संकेतस्थळ वापरणारा गट, दोघांनाही फायदा झाला. म्हणजे माणूस शेजारी नसला तरी चालतं. जावई गप्प बसला.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी म्हणजे सगळं इंग्रजीत. मुलगी पुण्याहून शनिवारी येईल तेव्हाच माझा आठवडा पुढे सरकायचा, म्हणून सहा आठवड्यांचं काम मला अकरा आठवडे पुरलं. शेवटी तिने सगळं मराठीत वहीत उतरवून दिलं, ती वही आता पेठेतले आणखी दोघं वापरतात. ज्याला घरात कोणी वाचून सांगणारं नाही, त्याने काय करायचं? दुसरी, शंका विचारायला समोर कोणी नाही. मान दुखायला लागली तेव्हा थांबायचं की चालू ठेवायचं, हे शेवटी डॉक्टरांनाच जाऊन विचारावं लागलं.

आणि प्रत्येक चक्करला हे औषध नाही. आमच्या शेजारच्या वहिनींना फक्त कूस बदलली की गरगरायचं, तेही मिनिटभर. त्यांना मी उत्साहाने वही द्यायला गेलो होतो. बरं झालं, आधी त्या डॉक्टरांकडे गेल्या. कानातले चुन्याचे बारीक कण नळीत सरकले होते. डॉक्टरांनी झोपवून डोकं ठरावीक क्रमाने फिरवलं, त्याला एप्ली म्हणतात, आणि दहा मिनिटांत काम झालं. बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, एकाचं दोन दिसणं, अचानक ऐकू न येणं, यातलं काही चक्करबरोबर असेल तर मोबाइल खाली ठेवा आणि दवाखाना गाठा.

पाचपैकी चार. एक गुण इंग्रजीचा कापला.

पूर्ण बरा झालोय असं म्हणणार नाही. रात्री लाइट गेली की अजून हात भिंतीकडे जातो, डोळे मिटून उभं राहिलं की डुलतो. पण मागच्या महिन्यात मेढ्याला गेलो तेव्हा गाडीला गर्दी होती आणि मी उभाच होतो. कंडक्टर पोरगं वयाने माझ्या मुलीएवढं. म्हणालं, "काका, धरून उभं राहा." मी धरलं. सीटच्या कोपऱ्याला पाठ टेकवून, जुन्या सवयीने.