दोन लाखांचा गिअरबॉक्स आणि डाव्या पायाचा ब्रेक

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गिअरबॉक्स गॅरेजचा हा रिव्ह्यू. डावा गुडघा बदलल्यावर डॉक्टरांनी क्लच बंद सांगितला, म्हणून तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड डिझेल ऑटोमॅटिक घेतली. सहा गिअर, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग). महिन्यातून दोनदा कोल्हापूरहून बेळगावला लेकीकडे जाते. दिवाळीनंतर गाडी थरथरायला लागली. साठ-सत्तरच्या वेगात अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला असला की चार-पाच सेकंद असं वाटायचं, जणू रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गाडी चाललीय. हायवेवर सहापदरीकरणाचं काम चालूच होतं, त्यामुळे पहिला महिना मी रस्त्यालाच शिव्या दिल्या.

मग नेहमीच्या ठिकाणी दाखवली. त्यांनी इंजिनचं माउंटिंग बदललं, 9,400 रुपये घेतले. थरथर तशीच. पुन्हा गेले तर गाडी आवारातल्या आवारात फिरवून आणली आणि सांगितलं, ‘मॅडम, गिअरबॉक्स गेला, 2 लाख 10 हजार.’ पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, थेट गिअरबॉक्स. बत्तीस वर्षं गणित शिकवलंय मी. पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिणाऱ्याला मार्क देत नाही.

भावानं उद्यमनगरातलं हे गॅरेज सांगितलं. पाटीवर नाव नाही, नुसतं ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्स’ असं रंगवलंय. मिस्त्री पस्तिशीचे असतील. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी प्रश्न विचारले. थरथर कधी येते? चढावर जोर लावल्यावर जास्त होते का? सकाळी निघाल्या निघाल्या होते का? मी सांगितलं, तवंदी घाटात पाय दाबला की उलट थांबते आणि सकाळी गोकुळ शिरगाव येईपर्यंत काहीच नसतं. त्यावर ते हसले. ‘काकू, निम्मं काम तुम्हीच केलंय.’

कारण असं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे जाते आणि तेलातून जाताना थोडी घसरण होतेच. ती वाचवायला आत एक क्लच असतो. गाडी एका लयीत धावायला लागली की तो दोन्ही बाजू घट्ट जोडतो. याला लॉकअप म्हणतात. तेल गार असताना गाडीचा कॉम्प्युटर लॉकअप लावत नाही, जोरात पाय दाबला तर सोडतो. माझी थरथर बरोबर लॉकअपच्याच वेळी येत होती. इंजिनचं मिसफायरिंग (इंधन नीट न पेटणं) असतं तर ते चढावर आणखी वाढलं असतं.

आम्ही हायवेला निघालो. गाडी मी चालवत होते, मिस्त्री शेजारी स्कॅनर घेऊन. सत्तरला थरथर सुरू झाली तेव्हा त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली (मी बघितलं नाही, रस्ता बघत होते; आकडे त्यांनी वाचले). मिनिटाला फेऱ्या इंजिनच्या 1,620, कन्व्हर्टरच्या पलीकडच्या टर्बाइनच्या 1,500, मग 1,580, मग पुन्हा 1,510. क्लच धरला असता तर दोन्ही जवळपास सारखे हवेत. इथे तो धरत होता, सुटत होता. मग म्हणाले, ‘रस्ता मोकळाय. उजवा पाय हलवू नका, डाव्या पायानं ब्रेकला नुसतं शिवा, मागचा लाल दिवा लागेल एवढंच.’ ज्या पायासाठी ऑटोमॅटिक घेतली, त्यालाच काम! शिवलं. थरथर गायब, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा जरा वर चढला. ब्रेकचा स्विच लागला की कॉम्प्युटर लॉकअप सोडतो, म्हणून. पाय काढला, काही सेकंदांत परत सुरू. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

स्कॅनरमध्ये पी 0741 हा बिघाडाचा कोड पेंडिंग (नोंदलेला, पण अजून पक्का न झालेला) होता. त्यांचं म्हणणं, कोड फक्त ‘लॉकअप नीट धरत नाही’ एवढंच सांगतो, कोणता भाग गेला ते नाही. म्हणून सोलेनॉइडचा (लॉकअप लावणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा) रेझिस्टन्स मल्टिमीटरवर मोजला, तो मॅन्युअलमधल्या आकड्यात बसला. वायरिंग बघितलं. मग ऑइलपॅन उतरवून मला दाखवला. त्यातल्या लोहचुंबकावर करडा लगदा होता, चमकणारे कण नव्हते, म्हणजे नेहमीची झीज, मोडतोड नाही. तेल मात्र काळपट, जळकट वासाचं. 1 लाख 12 हजार किलोमीटर झालेत आणि आधीच्या मालकानं ‘हे लाइफटाइम ऑइल आहे’ म्हणून एकदाही बदललं नव्हतं. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनीसुद्धा 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदला म्हणते.

खाली काढलं तर निम्म्याहून कमीच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून त्यांनी मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं तेल दोनदा बदललं, मध्ये 300 किलोमीटर चालवायला लावलं. लेव्हल बघायची पद्धत मला फार आवडली. गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, स्कॅनरवर तेलाचं तापमान 40 अंश झालं की खालचा प्लग उघडायचा. आधी बारीक धार आली, मग थेंब पडायला लागले, तेव्हाच प्लग बंद. डोळ्यांनी अंदाज नाही.

पहिल्या बदलानंतर थरथर निम्मी झाली, दुसऱ्यानंतर गेली. आज 1,800 किलोमीटर झाले. तपासणीसकट खर्च 17,600. त्यांनी हेही बजावलंय की क्लचचं अस्तर झिजलं असेल तर दुखणं परत येईल. मग कन्व्हर्टर काढून लेथवर कापायचा, नवं अस्तर लावायचं, वेल्डिंग करून बॅलन्स करायचा. तरी नव्या गिअरबॉक्सपेक्षा स्वस्तच.

एक तारा कापतेय. दोन दिवस सांगून पाच दिवस लावले, फोन उचलत नाहीत, बसायला टायर आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. एएमटी (मॅन्युअलच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) घेऊन इथे जाऊ नका. शेजाऱ्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं, त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच, साधाच क्लच असतो.

आणि दुपारी एक ते तीन शटर अर्धं खाली असतं, वाकून आत जावं लागतं. माझ्या गुडघ्याला ते जमेना, मी बाहेरूनच हाक मारली. मिस्त्री हातात भाकरी घेऊनच बाहेर आले.