अंगणात अरेका पाम की रॅपिस पाम?

कोल्हापुरात पाम थंडीने सहसा मरत नाही; पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात. म्हणून दोन्हींसाठी दोन फूट खड्डा घ्या. त्यात दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत भरा आणि रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंच बसवा.

अरेका लवकर वाढतो, दाट आडोसा देतो. पण बोअरचं जड पाणी सतत दिलं की पानांची टोकं तपकिरी, करकरीत होतात. पावसाचं साठवलेलं पाणी अधूनमधून भरपूर घाला. कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही.

रॅपिस शून्याखालचं तापमानही थोडं सोसतो, सावलीत गडद हिरवा राहतो. वाढ मात्र फारच संथ. घाई नसेल तर रॅपिसच घ्यावा.

दोन्हींचा शेंडा छाटू नका. ते खोड पुन्हा फुटत नाही, वाळतंच.