कॅनडाचा दुधाचा जग, कणकवलीत तीन महिने वापरून

गणपतीला नणंदेचा मुलगा आला टोरंटोहून. बॅगेत चॉकलेटं, बाम वगैरे नेहमीचं होतंच, पण आईंसाठी (माझ्या सासूबाई) खास म्हणून एक प्लास्टिकचा उभा जग आणि फ्रीजला चिकटणारं नखाएवढं कटर. जग कसला तर दुधाची पिशवी आत उभी करायची, वरचा कोपरा कापायचा आणि तसंच ओतून प्यायचं. आईंनी तो फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "ह्या काय गो हाडल्यान? न तापवता दूध पितत? तेंच्या पोटात दुखणा नाय?"

खरं सांगायचं तर मला वाटायचं पिशवीतलं दूध ही आपल्याकडचीच गोष्ट, परदेशात सगळं बाटलीत नाहीतर खोक्यात. तर तसं नाहीये. कॅनडात ओंटारिओ, क्वेबेक ह्या पूर्वेकडच्या भागात १९६७ पासून पिशव्या आहेत, एका मोठ्या पिशवीत तीन छोट्या, मिळून ४ लिटर, म्हणजे एकेक १.३३ लिटरची. ७० च्या दशकात तिकडे गॅलन जाऊन लिटर आले तेव्हा बाटल्या नि खोक्यांचे साचे बदलत बसण्यापेक्षा पिशवी थोडी लहानमोठी करणं सोपं पडलं, म्हणून ती टिकली म्हणे. आणि त्याच देशात पश्चिमेला गेलात तर तिथल्या लोकांना ह्याचं हसू येतं.

तर आता जग. पहिल्या दिवशी आमची नेहमीची अर्ध्या लिटरची पिशवी टाकली ती सरळ तळाला जाऊन बसली, विहिरीत कळशी पडल्यासारखी, कोपरा कापायला हातच पोचेना. मग एक लिटरची आणली. ती बरी बसली पण वरचा कोपरा काठाच्या खालीच, आणि ओतायला जग वाकवला तर अख्खी पिशवी पुढे सटकली आणि पाव लिटर दूध ओट्यावर. भाच्याने व्हिडिओ कॉलवर शिकवलं की आधी जग ओट्यावर दोनदा आपटायचा म्हणजे पिशवी घट्ट बसते, आणि मागचा कोपराही जरासा कापायचा म्हणजे हवा जाऊन धार सरळ पडते. हवेचं खरंच पटलं, पण उंचीचं काय? शेवटी मी तळाला अर्धी करवंटी उपडी घातली आणि पिशवी बरोब्बर काठावर आली. कॅनडाच्या मालाला कोकणी पॅकिंग!

पण एवढं करून उपयोग काय झाला? सकाळी पिशवी आली की दहा मिनिटांत ती टोपात रिकामी होते आणि टोप गॅसवर. जगात उभी राहायला तिला वेळच नाही. भाचा म्हणतो डेअरीत आधीच पाश्चराइज होतं, ७२ डिग्रीला १५ सेकंद, परत कशाला तापवता. पुस्तकात बरोबर आहे रे बाबा, पण आमचं दूध कोल्हापूरकडून रात्री घाट उतरून येतं, पहाटे टपरीसमोर क्रेट उतरतात, आणि दुकानदार शटर उघडेपर्यंत ते तिथेच, मे महिन्यात सुद्धा. मी सात वाजता जाते तेव्हा कधीकधी पिशवीला घाम नाही तर ताप आलेला असतो. तिथे आईंचंच खरं. आणि दुसरं म्हणजे साय. फुल क्रीमची पिशवी आम्ही दूध म्हणून कमी आणि साय म्हणून जास्त घेतो, आठवडाभर साठवून विरजण, मग लोणी, मग तूप कढवायचं, त्या दिवशी घरभर वास. ६ टक्के फॅट लिहिलेलं असतं ते आईंना वाचायची गरज नाही, त्यांना फक्त रंग माहितीये. अमूलची केशरी म्हणजे फुल क्रीम, निळी म्हणजे टोन्ड, आणि चुकून निळी आणली तर दिवसभर ऐकून घ्यायचं. इंग्लंडमध्ये हेच उलटं आहे, तिथे बाटलीचं निळं झाकण म्हणजे पूर्ण सायीचं, हिरवं म्हणजे अर्धी साय काढलेलं आणि लाल म्हणजे सगळीच काढलेलं. आमच्या आई तिथे गेल्या तर निळ्याला हातच लावणार नाहीत.

टेट्रापॅकबद्दल पण लिहिते कारण घरात तेही ठेवतो. दीर जहाजावर आहे, त्याचं म्हणणं खोक्यातलं दूधच खरं, बाकी सगळे चोचले. ते १३५ डिग्रीच्या वर दोनचार सेकंद तापवून बंद केलेलं असतं म्हणून फ्रीजशिवाय महिनोन्महिने राहतं, फ्रान्समध्ये तर रोजचं दूध बहुतेक हेच. मला चहात त्याला उकळल्याचा वास येतो आणि साय तर नावाला पण धरत नाही. पण २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा चार दिवस लाईट नव्हती, झाडं पडून रस्ते बंद, पिशवीवाला फिरकलाच नाही. तेव्हा कपाटातली तीन खोकी निघाली आणि लहान मुलगी दोन वेळा दूध प्यायली. तेव्हापासून मे संपायच्या आत सहा खोकी भरून ठेवते. एकच तक्रार, खोकं रिकामं झालं की कागद, प्लास्टिक, अल्युमिनियम सगळं एकत्र चिकटलेलं, आमचा भंगारवाला हातात पण घेत नाही. पिशव्या मात्र किलोने नेतो.

पिशवीचा तसा आमच्याकडे मरेपर्यंत जीव जात नाही. कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, चिकटलेला ठेवायचा, नाहीतर तो एवढासा तुकडा मोरीच्या जाळीत अडकतो किंवा गाईच्या पोटात जातो. मग आतून धुवायची (ते पाणी चहात), उलटी करून टाइलवर चिकटवायची, वाळली की फ्रीजरला ओलं खोबरं भरायला, आणि फाटकी असेल तर खाली भोक पाडून मिरचीची रोपं. ते कॅनडाचं कटर नेमका कोपरा तोडूनच टाकतं, म्हणून ते मी दुधाला वापरत नाही. शाम्पूच्या पुड्या नि पेप्सीकोला कापायला झकास.

सासरे गेले तेव्हाची गोष्ट नाही, त्याच्या खूप आधीची, ते गिरणगावात राहायचे तेव्हा आरेच्या काचेच्या बाटल्या होत्या, पत्र्याच्या पातळ झाकणाच्या, पहाटे केंद्रावर रिकामी बाटली देऊन भरलेली घ्यायची. बाटली फुटली की आईंच्या पोटात खड्डा पडायचा, दुधापेक्षा बाटलीसाठी. त्या अजून म्हणतात तसलं दूध परत नाही, पण पिशवी आल्यावर सगळ्यात आधी ती त्यांनीच लावली, कारण चाळीच्या तीन मजल्यांवर काच घेऊन चढायला नको.

तर जग दुधासाठी २ स्टार. प्लास्टिक जाड आहे, हँडल मजबूत, धुवायला सोपा, चूक त्याची नाहीये, चुकीच्या घरात आला. तेलासाठी मात्र साडेचार. हो, तेलासाठी. दिवाळीत चकल्या करताना एक लिटरची तेलाची पिशवी करवंटीवर उभी केली, कोपरा कापला, आणि कढईत धार अशी पडली की बाजूला एक थेंब नाही. तेल तापवून ठेवायचं नसतं ना आधी. तेव्हापासून तो गॅसच्या उजवीकडे असतो.

परवा भाच्याचा फोन, "आजी, जग वापरतेस ना?" आईंनी जग उचलून कॅमेऱ्यासमोर धरला, जरा लांबच, आणि म्हणाल्या रोज वापरतंय रे. तो म्हणाला, "आजी, दूध पिवळं का दिसतंय?"

"गायीचा असा," आई म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे दिला.